बावीस डिग्रीचा सुभेदार

आमच्या गावात सगळ्यात मोठं घर कोणाचं, असं विचारा. शेंबडं पोरसुद्धा सुभेदार मोरुप तारगैसच्या घराकडे बोट करेल. मग विचारा, सगळ्यात गार घर कोणाचं? बोट तिथेच राहील. हे मी ऐकीव सांगत नाही. ते घर मीच बांधलंय. माझ्या या दोन हातांनी, त्याला चार वेळा वेड्यात काढून आणि पाचव्या वेळी गप्प बसून.

मोरुप आणि मी शाळेत एकाच चटईवर बसायचो. तो फौजेत गेला, मी बापाबरोबर मातीच्या विटा थापायला लागलो. अठ्ठावीस वर्षांनी तो सुभेदार होऊन परतला आणि आल्याआल्या त्याला गावातल्या सगळ्या घरांची लाज वाटायला लागली.

"मिस्त्री, बिळं आहेत ही बिळं," तो म्हणाला. "एवढ्याशा खिडक्या, वाकून आत शिरायचं दार, खाली शेळ्या अन् वर माणसं. अरे, मी पठाणकोट पाहिलंय, पुणं पाहिलंय. खडकीला आमच्या साहेबांचा बंगला होता, भिंतभर काच!"

"त्या खडकीला पौषात नदी गोठते का रे?" मी विचारलं.

"तुझं डोकं गोठलंय," तो म्हणाला.

नकाशा त्यानं स्वतः काढला होता, पाठकोऱ्या कागदावर. बारा खोल्या. सिमेंटच्या वीतभर भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, खाली चकचकीत फरशी. आणि बैठकीच्या खोलीला पंधरा फुटांची काच, तीही उत्तरेला. उत्तरेला! आमच्याकडे आंधळासुद्धा घराचं तोंड दक्षिणेला करतो, कारण ऊन त्याच्या गालाला कळतं. दक्षिणेला आमचा डोंगर उभा आहे. थंडीत सूर्य त्याच्या डोक्यावरून जेमतेम चार तास डोकावतो. ते चार तास घरात पकडून ठेवायचे आणि वीस तास पुरवायचे, एवढीच काय ती आमची सगळी विद्या. पण सडक उत्तरेला आहे ना! लेहहून येणारी प्रत्येक गाडी तिकडून जाते. घरात ऊन नाही आलं तरी चालेल, लोकांची नजर आली पाहिजे.

मी माझ्या परीनं सांगितलं. म्हटलं, काच दक्षिणेला घे. भिंती मातीच्या घाल, हातभर जाड. सिमेंटचाच सोस असेल तर दोन भिंती घालू आणि मधल्या पोकळीत कोरडा भुसा ठासून भरू. वर धाबं घाल, सफेद्याच्या तुळया, त्यावर वाळुंजाच्या काड्या, गवत, माती. धाब्यावर कडबा रच, म्हणजे घराला टोपी होते.

"कडबा रचायला मी काय गुराखी आहे?" तो म्हणाला. आणि खरंच, दोन्ही गायी विकून मोकळा झाला. अंगणात शेण दिसायला नको म्हणून.

चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्यानं दुप्पट मजुरी कबूल केली आणि मी मुकाट्यानं ओळंबा हातात घेतला. खोटं कशाला बोलू?

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. थोरल्या मुलाचं लग्न झालं, की आईबापांनी मोठं घर त्याच्या हवाली करायचं आणि आवारातल्याच खांगबूत, म्हणजे धाकट्या घरात, राहायला जायचं. रडायचं नाही, कुरकुरायचं नाही. मोरुपचं लग्न झालं तेव्हा त्याचे आईबाप असेच गेले. बाप तिथेच वारला. आई अजून तिथेच आहे. सारं गाव तिला अबीले म्हणतं. ब्याऐंशी वर्षांची आहे, तोंडाची फटकळ. तिचं खांगबू म्हणजे मातीची एक खोली, खाली गोठा, गोठ्यात सात शेळ्या नि एक गाय. कोणीही आत पाऊल टाकलं, मग तो लामा असो नाहीतर तहसीलदार, की अबीलेचा पहिला शब्द एकच: "दार लाव आधी. ऊब जाते."

सुभेदाराला नेमकी याचीच चीड. तो दार सताड उघडं टाकून उभा राहायचा आणि वर म्हणायचा, "हवा खेळती पाहिजे, आमाले. फौजेत आम्ही तंबूत झोपायचो."

"मग तंबूतच जा ना," अबीले म्हणायची. "पण दार लावून जा."

तर दोन वर्षांपूर्वी सुभेदाराच्या मुलाचं, जिग्मेतचं, लग्न झालं. सुभेदाराची बायको आधीच गेलेली. रीतीप्रमाणे सुभेदारानं एकट्यानं वळकटी उचलून अबीलेच्या खांगबूत जायला हवं होतं. पण जुनं घर पाडून हा बारा खोल्यांचा महाल नुकताच उभा राहिलेला. "मी बांधलं, आणि मीच बिळात जाऊ?" म्हणाला. नाही गेला. गावानं तोंडावर काही म्हटलं नाही. पाठीमागे मात्र काही म्हणायचं बाकी ठेवलं नाही.

पहिल्या हिवाळ्यातच घरानं आपले गुण दाखवले. काचेवर आतून बर्फाची नक्षी धरायची. सुभेदार पाहुण्यांना ती कौतुकानं दाखवायचा! विजेचे दोन हीटर आणले. ते लावले की आमच्या गावातल्या विजेला घेरी यायची. मग मोठी बुखारी, म्हणजे नळकांड्याची लोखंडी शेगडी, आणली. ती लाकडं अशी खायची, जणू लग्नाच्या पंगतीत फुकटे बसलेत. ऊब निघायची ती तडक स्लॅबला जाऊन भिडायची आणि तिथून आभाळात. सुभेदार एकटाच लडाखचं आभाळ तापवत होता म्हणा ना.

जिग्मेतनं सरहद्दीवरच्या चौकीवरून एक थर्मामीटर पाठवला, आकडे दाखवणारा. सुभेदारानं तो कुठे टांगला असेल? बुखारीच्या नळकांड्याला लागून, वीतभर अंतरावर. आम्ही दोन-दोन झगे घालून, हात काखेत खुपसून सोफ्यावर बसलेले, आणि हा दिवसातून दहा वेळा तिकडे बघून आरोळी ठोकणार, "बावीस! बावीस डिग्री आहे घरात!" म्हणून त्याचं नाव पडलं बावीस डिग्री.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण या हिवाळ्यात सून, कुन्जेस, पोटुशी होती आणि दिवस भरत होते ऐन पौषात, थंडी हाडं फोडते तेव्हा. आमच्यात बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे ते कोवळं मूल महिनाभर या बर्फाच्या पेटीत काढणार. जिग्मेतला रजा मिळेना. त्यानं फोनवर बापाकडून वचनच घेतलं, "आबाले, बाकी काही नको. बाळाला ऊब कमी पडू देऊ नका."

"अरे, काळजी कसली करतोस?" सुभेदार म्हणाला. "घरात बावीस डिग्री आहे."

लोसारच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, सणाला कुन्जेसचा बाप आला, गेलेक वांगदुस. खालच्या भागातला शेतकरी, कमी बोलणारा माणूस. मी तिथेच होतो, कारण आमची दोन घरं फास्पुन, एकमेकांच्या जन्म-मरणाला धावून जाणारी. सुभेदारानं व्याह्याला बाराच्या बारा खोल्या फिरवून दाखवल्या. गेलेकनं प्रत्येक खोलीत भिंतीला तळहात लावून पाहिला आणि पुसला. मग बैठकीत आला, नळकांड्याजवळचा थर्मामीटर खिळ्यावरून काढला, बाळंतिणीसाठी मांडलेल्या पलंगावर ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

"चहा घ्या," सुभेदार म्हणाला.

गेलेकनं आमचा लोण्याचा खारा चहा घेतला. एक पेला, दुसरा पेला. तिसऱ्या पेल्यात लोण्याचा थर गोठून कडेला चिकटला, तो त्यानं बोटानं सोडवला. मग थर्मामीटर उचलून सुभेदाराच्या हातात दिला. चार डिग्री.

"मुलगी घेऊन जातो," तो म्हणाला.

सुभेदाराचा चेहरा असा पडला की मलाच कसंसं झालं. घराण्यातलं पहिलं नातवंड, आणि सून बाळंतपणाला माहेरी, कारण सासऱ्याला खोली उबदार ठेवता आली नाही! गावात तोंड कुठे लपवणार?

"आठ दिवस द्या," सुभेदार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज हुकूम दिल्यासारखा नव्हता. "आठ दिवसांत चाराचे पंधरा करतो."

"आठ दिवसांनी गाडी घेऊन येतो," गेलेक म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

त्याची पाठ वळताच सुभेदारानं माझं मनगट धरलं. "मिस्त्री, भिंती लिंप. दोन हात जाड माती लाव. कडबा लाव. वाटेल ते कर."

"आता?" मी म्हटलं. "अरे बाबा, ओली माती हातातून भिंतीवर जाईपर्यंत गोठते आता. कोंब फुटतील तेव्हा ये. लिंपायचं काम उन्हाळ्याचं. तेव्हा तू काच पुसत होतास."

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"कोरडं काम होईल. भुसा, लोकर, गवत, गोणपाट. पण एकाच खोलीचं. तेही सगळ्यात लहान, एकच बारीक खिडकी असलेल्या खोलीचं."

आम्ही दोघं खोली शोधायला निघालो. काय सांगू तुम्हाला! बारा खोल्या, प्रत्येकीला दोन-दोन बाजूंनी काच. लहान खोली अशी एकच निघाली. सात बाय सात. एक वीतभर झरोका. गुलाबी टाइल्स आणि मधोमध इंग्रजी संडास.

सुभेदार बराच वेळ त्या संडासाकडे बघत उभा होता. मला हसू फुटत होतं, पण मी खोकून वेळ मारून नेली.

"वर फळी टाकता येईल," शेवटी तो म्हणाला.

टाकली. भुसा आणि गोवऱ्या मात्र कुठून आणणार? गायी विकलेल्या, आणि अबीलेच्या एका गाईचं शेण तिच्याच चुलीला लागायचं. मग काय, सुभेदार पाठीवर टोपली घेऊन दारोदार. ज्यांच्या घरांना बिळं म्हणाला होता, त्यांच्याच दारात. आणि आमच्या बायका काय संधी सोडतात?

"सुभेदारसाहेब, शेण हवंय होय? वास येईल हो तुमच्या फरशीला!"

"दोन टोपल्या न्या. पण नेताना जरा सडकेवरून जा, गाड्यांतल्या लोकांना दिसू दे."

माझ्या घरीही आला. माझ्या बायकोनं भुशाचं पोतं दिलं आणि तो वळताच डोळ्यांनीच मला आमची बैठक दाखवली. गेल्या वर्षी मुलाच्या हट्टापायी मीही तिथे एक मोठी काच बसवली होती. उत्तरेला. 

आम्ही सात दिवस राबलो. भिंतींना भुशाच्या गोण्या लावल्या, त्यावर लोकरीच्या चटया ठोकल्या. झरोक्यावर प्लास्टिकचे दोन पडदे, छताखाली गवताचा थर, फरशीवर तीन सतरंज्या. धूर बाहेर जाईल अशी छोटी बुखारी बसवली. सुभेदारानं या वेळी थर्मामीटर फळीवरच ठेवला, जिथे बाळ निजणार तिथे. सातव्या दिवशी आकडा आला चौदा. सुभेदार नाचायचाच राहिला होता. कुन्जेसला हाताला धरून आणलं आणि दार उघडून म्हणाला, "बघ!"

कुन्जेसनं बघितलं. गोण्या बघितल्या, चटया बघितल्या, मग फळीच्या कडेतून डोकावणारा तो गुलाबी रंग बघितला.

"आबाले," ती म्हणाली, "माझं बाळ संडासात निजवायचं?"

"फळी आहे ना वर!"

"बारा खोल्या बांधल्यात," ती म्हणाली, "आणि माझ्या बाळाला मिळाली ती ही?" पोट सावरत ती जिना उतरून गेली.

त्याच दिवशी तिला कळा सुरू झाल्या. लेहच्या इस्पितळात नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिसऱ्या दिवशी गेलेकच्याच गाडीतून त्या परत आल्या आणि गाडी सुभेदाराच्या फाटकाशी थांबली. गेलेकनं इंजिन बंद केलं नव्हतं. तो मुलीला म्हणाला, "तू सांगशील तसं. उतर, नाहीतर तशीच बस."

मोठ्या घराच्या पायऱ्यांवर सुभेदार उभा. अंगावर फौजेचा कोट, दोन्ही हातांवर बाळासाठी पांढरा खतक, म्हणजे गळ्यात घालायचा मानाचा रेशमी पट्टा, पसरलेला. त्याच्या मागे उत्तरेची ती पंधरा फुटी काच, बर्फानं आंधळी झालेली. 

कुन्जेस उतरली. बाळ छातीशी, वर मेंढीचं कातडं. पायऱ्यांपर्यंत आली, सासऱ्याला मान लववली आणि डावीकडे वळून तडक खांगबूकडे चालायला लागली. तिकडे दार अर्धवट उघडून अबीले उभी होती. दोघी आत गेल्या आणि दार धाडकन लागलं. गेलेकनं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच हसला आणि गाडी वळवली. सून सासरच्या आवारातच राहिली होती. सुभेदाराचं नाक तसं वाचलं म्हणायचं. पण खतक हातावर तसाच, आणि गळ्यात घालायला समोर कोणी नाही.

चार दिवस तो मोठ्या घरात एकटा राहिला. अकड होती ना! पाचव्या दिवशी पाइप फुटले आणि संडासातलं पाणी गोठून भांड्याला तडा गेला. मग तो "नातीला बघून येतो" म्हणून खांगबूत आला. मी तिथेच होतो. सोयराच्या त्या दिवसांत फास्पुनलाच आत जाता येतं.

आमच्यात चुलीजवळची जागा मानाची. तिथून मानानुसार एकेक जण दाराकडे सरकत बसतो. गावच्या सभेत सुभेदार नेहमी चुलीला चिकटून. इथे चुलीशी अबीले, तिच्याशेजारी कुन्जेस आणि बाळ, मग आजारी म्हणून वर आणलेलं करडू, मग मी. जागा उरली होती ती दाराशी.

त्यानं मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी मांडी अजून पक्की घातली.

"दार लाव," अबीले म्हणाली.

त्यानं लावलं. जुनं दार, खाली बोटभर फट, तिथून वारा सुरीसारखा घुसायचा. त्यानं थर्मामीटर खिशातून काढून बाळाच्या उशाशी ठेवला. सतरा. खाली शेळ्या रवंथ करत होत्या, चुलीत चार गोवऱ्या होत्या, आणि दक्षिणेच्या टीचभर खिडकीतून ऊन थेट बाळाच्या पायांवर पडलं होतं. सुभेदार त्या आकड्याकडे बघत राहिला. बावीस म्हणून ओरडला नाही. तेवढ्यात बाळ शिंकलं. तो मागे सरकला, कोट खाली ओढून घेतला आणि पाठ लावून फटीवर बसला. वारा बंद.

दुसऱ्या दिवशीही तो तसाच बसला. तिसऱ्या दिवशी वळकटी घेऊन आला. बाळंतिणीचा महिना भरेपर्यंत त्याची पाठ त्या फटीवर होती. कमरेला उसण भरली, पण जागचा हलला नाही. माझी एवढ्या वर्षांची गवंडीगिरी, पण भिंतीत भरायला इतकं चांगलं सामान मी कधी वापरलं नव्हतं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणालो. तो हसला नाही, आणि चिडलाही नाही.

महिना भरला त्या दिवशी दुपारी जिग्मेत रजेवर आला. आधी मोठ्या घरी गेला, तिथे कुलूप. मग धावत खांगबूच्या दाराशी आला आणि ढकलायला लागला. दार हलेना.

"आबाले कुठे आहेत?" तो बाहेरून ओरडला. "घराला कुलूप का? माझी मुलगी कुठंय?"

आतून सुभेदार कण्हत उठला, दार माणूसभर उघडलं, मुलाला दंडाला धरून आत ओढलं. पोरानं बापाच्या पायाशी वाकायला सुरुवात केली, तर याचा आवाज चढला.

"पाया नंतर पड. दार लाव आधी. ऊब जाते."

अबीलेनं चुलीत गोवरी सरकवली. "दोन वर्षं उशिरा आलास रे मोरुप," ती म्हणाली. "बस आता. पाठ नीट टेकव, तिकडून येतंय अजून."

त्यानं पाठ नीट टेकवली.